‘उघडीप’मधला दुसरा आवाज

जयवंतला मी शेवटचं पाहिलं ते नागोठण्याजवळ, एसटीच्या खिडकीतून. मी पेणहून रोह्याला परतत होते. रस्त्याचं काम चाललेलं, गाड्यांची लांबलचक रांग. आमची गाडी थांबली आणि खाली, हातभर अंतरावर, त्याची मोटरसायकल येऊन उभी राहिली. हेल्मेट हँडलला लटकवलेलं, पाठीला गिटारची काळी पिशवी, खिशावर कंपनीचं ओळखपत्र. सात महिने आमचं एक अक्षर बोलणं नव्हतं. मी काच सरकवली आणि हाक मारली, "जयवंत!" त्याची नजर समोरच. पुन्हा हाक मारली, या वेळी वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशी. गाडीतले चार जण वळून बघायला लागले. तो वळला नाही. मग रांग हलली, तो कडेनं पुढे सटकला... आणि मी काच लावून घेतली.

त्यानंतर महिन्याभरानं, शिक्षक-खोलीत नववीच्या उत्तरपत्रिका तपासत बसले असताना पेणहून संदेशचा फोन आला. संदेश म्हणजे ज्याच्या स्टुडिओत जयवंतची गाणी रेकॉर्ड झाली तो. एरवी मोठमोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज अगदी बसलेला होता. "बाई, जयवंत गेला." मी विचारलं, "कुठे?" मला खरंच तसं वाटलं... कुठेतरी कार्यक्रम ठरला असेल, मुंबईला, पुण्याला, आणि मला न घेता गेला असेल. संदेश काही बोलेना, तेव्हा कळलं. सुट्टीचा दिवस होता, दुपारी जेवून जरा आडवा झाला तो पुन्हा उठलाच नाही. हृदय बंद पडलं. एकोणपन्नास वर्षांचा होता. मी फोन ठेवला, हातातली उत्तरपत्रिका पुरी तपासली, गुणांची बेरीज केली, आणि ती पुन्हा करावी लागली, कारण पहिली चुकली होती. गणित शिकवायला लागल्याला तीस वर्षं झाली. बेरीज चुकल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

जयवंत घरत हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. पेणच्या खाडीकडच्या एका गावातला, मिठागरावर राबलेल्या घरातला हा माणूस रोह्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला होता. गेल्या हिवाळ्यात त्याच्या अकरा गाण्यांचा अल्बम इंटरनेटवर आला. नाव ‘उघडीप’. त्याचा पहिला, आणि आता म्हणायचं तर एकमेव. शब्द त्याचे, चाली त्याच्या, गिटार त्याची. कुठल्या कंपनीनं काढलेला नाही, कुठल्या सिनेमातला नाही. गाणी मराठी, काही आगरी बोलीतली, पण वळण मात्र साठच्या दशकातल्या विलायती बँडचं. अडीच मिनिटांचं गाणं, पहिल्या क्षणापासून खणखणणारी गिटार, तोंडात बसेल असं ध्रुपद, मध्ये टाळ्या, आणि मुख्य आवाजाला चिकटून चालणारा दुसरा आवाज. या प्रकाराला पॉवर पॉप म्हणतात हे मला संदेशनं सांगितलं. जयवंतला ते नाव फारसं आवडलं नव्हतं. त्याची स्वतःची व्याख्या होती, "रडायचं बाई, पन उड्या मारत रडायचं."

आमची ओळख एका हळदीत झाली. माझ्या सहशिक्षिकेच्या मुलीचं लग्न होतं, पेणजवळच्या गावात. आमच्या भागात हळदीला बेंजो पार्टी लागतेच. बेंजो, ढोल, कीबोर्ड, आणि स्पीकरची ही मोठी भिंत. मी दुपारी चारलाच पोचले होते. मांडवात अजून कोणी नव्हतं, खुर्च्या एकात एक घातलेल्या. बेंजोवर जयवंत होता. तो आवाज तपासत होता आणि तपासता तपासता काहीतरी निराळंच वाजवायला लागला. कोळीगीत नव्हे, सिनेमातलं नव्हे. एक छोटीशी, उड्या मारणारी चाल, पुन्हा पुन्हा फिरून येणारी. तिसऱ्या फेरीला मी नकळत गुणगुणायला लागले. तीच चाल नव्हे, तिच्या जरा खालून, तिच्या जोडीनं. ती माझी लहानपणची खोड. आई पूजा करताना गायची, तिच्या पट्टीला माझा जाडसर आवाज पोचायचा नाही, म्हणून मी खालून धरायचे. बेंजो थांबला. "कोन खालून गातंय?" त्यानं मांडवभर बघत विचारलं. मला भलतंच ओशाळल्यासारखं झालं. शाळेतल्या मुलीसारखा मी हात वर केला.

"तुमाला हे कुनी शिकवलं?"

"कुणी नाही. मी गणिताची शिक्षिका आहे."

"मग बरोबर हाय," तो म्हणाला. का बरोबर, ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून शेवटपर्यंत तो मला ‘बाई’ म्हणत राहिला आणि ‘तुम्ही’. मी काही महिन्यांनी ‘तू’वर आले.

त्याचा मामा बोटीवर होता. बोट सोडून घरी आला तेव्हा त्यानं एक रेकॉर्ड प्लेअर आणला, पेटीसारखा, झाकणातच एक स्पीकर असलेला, आणि खोकाभर रेकॉर्डी. कव्हरावर सारख्या कोटातली, सारख्या केसांची चार-चार पोरं. मामाला त्यांचं फार काही नव्हतं, बंदरात कोणीतरी दिल्या म्हणून आणल्या. पण जयवंत शाळेतून आला की त्या पेटीसमोर बसायचा. गावात तेव्हा पंखासुद्धा मोजक्या घरांत होता, आणि हा मुलगा भाताच्या कणगीला टेकून दुसऱ्या टोकाच्या देशातल्या पोरांची प्रेमदुःखं ऐकत होता. इंग्रजी कळायचं नाही. "‘यू’ कळायचं नि ‘लव्ह’ कळायचं," तो सांगायचा, "बाकी सगलं गिटार सांगायची." शब्द कळत नसल्यानं त्यानं त्या चालींवर स्वतःचे शब्द घातले आणि मग एक दिवस चालीही स्वतःच्या झाल्या. गावात कोणाला ते गाणं वाटेना. आगरी गाणं म्हणावं तर ठेका निराळा, भजन म्हणावं तर त्यात मुलगी. हळदीत एकदा त्यानं स्वतःचं गाणं म्हटलं तेव्हा नवरदेवाचे काका येऊन म्हणाले, "टेस्टिंग झाली असेल तर सुरू कर." हे सांगताना तो खूप हसायचा. त्याच्या हसण्याला मीही हसायचे. पंचवीस वर्षं माणसानं अशी गाणी मनातल्या मनात वाजवत ठेवली, याचा अर्थ मला पुढे हळूहळू लागत गेला.

शनिवारी माझी सकाळची शाळा असायची आणि त्याची फर्स्ट शिफ्ट. साडेतीनला तो माझ्याकडे यायचा. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात मी एकटी. दार सताड उघडं ठेवून आम्ही पुढच्या खोलीत बसायचो, कारण आळीला डोळे असतात. "बाईंकडे तो गिटारवाला येतो," हे चार दिवसांत सगळ्या आळीला ठाऊक झालं. मी त्याचा खुलासा करायला गेले नाही. काय खुलासा करणार? आमच्यात गाण्याखेरीज काही नव्हतं, आणि गाण्यात जे होतं त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. तो त्याची ओळ म्हणायचा, मी तिच्या खालून चालायचे. सगळं आयुष्य मी एकटीनं फळ्यासमोर उभं राहून बोलण्यात घालवलं. कोणाच्या तरी जोडीनं एकच वाक्य एकाच वेळी उच्चारणं काय असतं, ते मला पन्नाशीच्या दाराशी कळलं.

सुरुवातीला मात्र आमची भांडणं व्हायची. मी सूर बदलला तरी त्याला पत्ता नसायचा, मी चुकले तरी तो खुशाल पुढे. एका शनिवारी मी चिडलेच. "जयवंत, तू मला ऐकतच नाहीस. मग मी गाते कशाला?" त्यानं गिटार मांडीवर आडवी ठेवली. बराच वेळ तारांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "बाई, या बाजूला येऊन उभ्या र्‍हा."

"का?"

"त्या बाजूला मी नसतोच."

मी त्याच्या उजव्या हाताला उभी होते. तो सात वर्षांचा असताना गालगुंड झाले होते. ताप उतरला, पण उजवा कान गेला. कायमचा. ही गोष्ट त्यानं घरात कधी उच्चारली नव्हती. शाळेत दोन महिने पोरांनी ‘ए बहिऱ्या’ म्हणून हाका मारल्या, तेव्हापासून तो दर वर्गात उजवीकडच्या भिंतीला टेकून बसायला लागला, म्हणजे सगळा वर्ग डाव्या कानाला येईल. मांडवात तो नेहमी स्टेजच्या उजव्या टोकाला का उभा राहायचा, रस्त्यानं चालताना मला वळसा घालून दुसऱ्या बाजूला का यायचा, सगळ्याचा उलगडा झाला. "कोणाला सांगितलं तर काय बिघडतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "बहिरा गानारा म्हनून लोक बघाया येतील बाई. ऐकाया नाय येनार." मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा आमचे दोन्ही आवाज जुळले. गाणं संपलं तेव्हा दारातून आळीतली एक मांजर आत डोकावून गेली, एवढं आठवतं.

त्याच्या गाण्यांत आमचाच मुलूख होता. शेवटची पेण गाडी चुकलेला माणूस. मिठागरावर एकसारख्या ढिगांमध्ये आपला ढीग शोधणारी बाई, "पांढरं पांढरं सगळं सारखं, कुठलं मीठ नि कुठलं ऊन." आणि माझं सगळ्यात आवडतं, ‘आखणी’. जोहे गावात गणपतीचे कारखाने आहेत. सगळ्यात शेवटी मूर्तीचे डोळे रंगवतात, त्याला आखणी म्हणतात. या गाण्यातला पोरगा रोज कारखान्यात माती वाहतो आणि डोळे आखणाऱ्या मुलीकडे बघत राहतो. ती मान वर करत नाही. ध्रुपद असं,

"सगळ्या देवांना दिलेस डोळे,
माझ्याकडे बघ ना."

ऐकणाऱ्याला नाचावंसं वाटेल अशी चाल आणि हे शब्द. मी त्याला एकदा विचारलं, ही मुलगी खरी का? तो म्हणाला, "तिचं लगीन झालं, मुलं झाली. तिला ठावच नाय." आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेला.

संदेशचा स्टुडिओ पेणमध्ये, एका दुकानावरच्या खोलीत. पूर्वी तिथे गणपतीचे साचे ठेवायचे. भिंतींना काथ्याच्या गाद्या लावल्या होत्या, तरी कोपऱ्यांतून पांढरी भुकटी निघायचीच. तीस वर्षांच्या खडूच्या धुळीनं माझी छाती आधीच नाजूक, त्यात ही. ‘माझ्याकडे’ हा शब्द मला एका दमात म्हणता येईना. ‘माझ्या’वर श्वास तुटायचा आणि मग ‘कडे’. जयवंत कावायचा. "बाई, ‘माझ्याकडे’! एक शब्द हाय! तो फोडला का पोरगा एकीकडं नि मुलगी एकीकडं!" मी पुन्हा म्हणायचे, पुन्हा तिथेच तुटायचं. पंधरा-पंधरा वेळा. शेवटी तो काचेपलीकडून हात जोडायचा आणि आम्ही चहा मागवायचो. ते रविवार... त्यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

वर्षभरात गाणी रेकॉर्ड झाली. पुढे त्यांची जुळणी करायची होती आणि तिथे सगळं अडलं. संदेश मन लावून काम करणारा. त्याचं म्हणणं, गिटार उजवीकडे टाकू, आवाज डावीकडे, ऐकणाऱ्याला मोकळं वाटलं पाहिजे. जयवंत म्हणे, नाय. सगळं एकाच जागी, मधोमध. संदेश विचारायचा, का? जयवंत कारण सांगायचा नाही. "मामाच्या पेटीला एकच स्पीकर होता," एवढंच. संदेशला वाटायचं हा हट्ट आहे, अडाणीपणा आहे. कानाला हेडफोन लावल्यावर जयवंतची स्वतःची गिटार त्याच्यापुरती नाहीशी होत होती, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तीन महिने हे चाललं. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. एक दिवस संदेशनं मला फोन करून सांगितलं, "बाई, मी हे काम सोडतोय. त्यानं दुसरा कोणी बघावा." दुसरा कोणी नव्हता. पेणमध्ये नव्हता, रोह्यात नव्हता, आणि जयवंतनं पुन्हा पहिल्यापासून कोणाला समजावलं नसतं. ती गाणी पुन्हा त्याच्या मनात जाऊन बसली असती.

आणि मी संदेशला सांगितलं.

दुपारची वेळ होती, मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते, मुलं डबे धूत होती. "कोणाला बोलू नकोस," मी बजावलं. संदेश म्हणाला, "आधी सांगायचं ना बाई. मी वेडा नव्हतो." तो चांगला माणूस आहे. पुढच्या रविवारी जयवंत आला तेव्हा त्यानं खुर्ची उचलून त्याच्या डाव्या बाजूला ठेवली, जरा मोठ्यानं, जरा सावकाश बोलायला लागला, आणि म्हणाला, तू म्हणतोस तसंच करू, सगळं मधोमध. जयवंतनं खुर्चीकडे पाहिलं. संदेशकडे पाहिलं. एवढं पुरे होतं.

सोमवारी शाळा सुटताना तो फाटकाशी उभा होता. मुलींचा घोळका बाहेर पडेपर्यंत थांबला. मला वाटलं ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाई," तो म्हणाला, "एवढी एकच गोष्ट तुमच्याकडं ठेवाया दिलीवती."

मी म्हणाले, "अल्बम अडकला होता, जयवंत. तुझ्यासाठीच..."

"व्हय. ठाव हाय." त्यानं मोटरसायकल सुरू केली. त्या शनिवारी तो आला नाही. त्यानंतरच्याही नाही. मी फोन केले, त्यानं घेतले नाहीत. दोन चिठ्ठ्या लिहून कंपनीच्या गेटवर दिल्या, उत्तर नाही. तरी मी शनिवारी साडेतीनला दार उघडून बसायचे. आळीला आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "तो गिटारवाला येत नाही हल्ली?" मी म्हणाले, त्याची शिफ्ट बदलली.

‘उघडीप’ आला तेव्हा संदेशनंच कळवलं. आणि चाचरत आणखी एक गोष्ट सांगितली, "बाई, तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा... त्यानं दुसरा आवाज सगळा पुन्हा गायलाय. स्वतः." म्हणजे माझा आवाज काढून टाकला होता. अकराच्या अकरा गाण्यांतून. मी बरं म्हणाले आणि अल्बम ऐकला नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं ऐकून येऊन मला सांगितलं, "काय हो, तुमच्या त्या ओळखीच्याचा अल्बम, अगदी जुन्या रेकॉर्डीसारखा वाटतो." कोणी कुठल्याशा संकेतस्थळावर लिहिलं होतं, की हल्लीच्या दिवसांत सगळं एकाच स्पीकरमधून आल्यासारखं ठेवायला मोठी रसिकता लागते. मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

नंतर ते नागोठण्याचं झालं. मी त्याच्या उजव्या अंगाला होते, हे मला गाडी रोह्याच्या स्टँडवर लागेपर्यंत सुचलं नाही. रस्त्यावर यंत्रांचा आवाज होता, शेजारी ट्रक होते. कदाचित त्याला ऐकूच आलं नसेल. कदाचित आलं असेल. मी दोन्ही शक्यता बरोबरीनं धरून चालते. दुसरं काय करणार...

तो गेल्याचं कळल्यावर त्याच्या गावी पोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. बेंजो पार्टीवाले, कंपनीतले, नातेवाईक, प्रत्येकाची जागा ठरलेली. मला कुठे उभं राहावं कळेना. बायकांच्या कडेला थांबले. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "कोन गो बाय तू? कंपनीतली?" मी म्हणाले, "ओळखीची." तिनं मान हलवली आणि सरकून मला भिंतीचा टेकू दिला. संदेश लांबून दिसला, त्याचे डोळे लाल होते. जयवंतची बायको रंजना मध्ये बसली होती. तिला मी पूर्वी दोनदाच भेटले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं की नाही, सांगता येणार नाही. कोणी रडायला लागलं की मला रडू यायचं, पण पुढे होऊन रडण्याइतका माझा हक्क नव्हता. अर्ध्या तासानं निघाले. पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी लागलेली होती, ती सोडून मागच्या गाडीनं आले, कारण पहिल्या गाडीत ओळखीचं कोणीतरी होतं.

दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, मी ‘उघडीप’ लावला. हेडफोनचं एकच टोक कानात घातलं, डाव्या. त्याच्या आवाजानं पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा उठून दार लोटून घेतलं. दुसरा आवाज खरोखरच त्याचा होता, माझ्या जागेवरून गाणारा. माझे सूर त्यानं जसेच्या तसे घेतले होते. चौथं गाणं ‘आखणी’. "सगळ्या देवांना दिलेस डोळे..." आणि मुख्य आवाज एका दमात ‘माझ्याकडे’ म्हणत असताना खालचा आवाज ‘माझ्या’वर तुटला. श्वास घेतला. मग ‘कडे’. मला वाटलं माझाच भास. ध्रुपद पुन्हा आलं, पुन्हा तिथेच श्वास. प्रत्येक वेळी. ज्या माणसाची छाती खणखणीत होती, तो माणूस माझ्या दम्याचा श्वास माझ्या जागी घेत होता.

मी संदेशला फोन केला. तो म्हणाला, "मी विचारलं होतं त्याला. हा श्वास चुकलाय, परत घेऊ का? तर म्हणाला, नाय, ते गाणं तसंच हाय."

"रागानं म्हणाला का?"

संदेशनं विचार केला. "नाही कळलं बाई. तो काचेकडे पाठ करून उभा होता."

गेल्या आठवड्यात मी रंजनाला भेटायला गेले. मुली कॉलेजला गेल्या होत्या, ती एकटीच घरात, जवळ्याची सुकट निवडत बसली होती. तिनं चहा ठेवला. खिडकीशी त्याची खुर्ची होती, वेताची, जिच्यावर बसून तो गाणी बांधायचा. मी सतरंजीवर बसले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून आले होते, ते सोडून सरळ सांगून टाकलं, की त्यानं मला एक गोष्ट विश्वासानं सांगितली होती आणि मी ती दुसऱ्याला सांगितली. त्याच्या कानाची.

"उजव्या कानाची?" रंजनानं विचारलं.

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"लगीन होऊन चार दिवसांत कलला मना," ती म्हणाली. "डाव्या कुशीवर निजले का ढोल वाजवला तरी उठायचे नाय. उजव्या कुशीवर निजले का मांजर आली तरी जागे." तिचे हात जवळ्यातला कचरा काढतच होते. "मंग मी डाव्या बाजूलाच बसाया लागले. पोरींना पन लहानपनीच सांगितला, बाबांशी बोलायचा तर या बाजूनी बोलायचा. सासू गेली, तिला पन ठाव होता. सगल्यांना ठाव होता."

"आणि कधी बोलला नाहीत? एवढ्या वर्षांत?"

"बोलून काय व्हनार, बाई? त्यांनी झाकलावता. मंग आमी पन झाकला."

चोवीस वर्षं एका घरानं जे सांभाळलं, ते मी एका दुपारी व्हरांड्यात उभी राहून बोलून गेले होते. आणि ते फक्त माझ्याचकडे आहे या समजुतीवर मी किती शनिवार काढले होते, तेही त्याच क्षणी कळलं. रंजनाच्या आवाजात राग नव्हता. मी विचारलं, त्याच्याबद्दल पेपरवाल्यांनी मला लिहायला सांगितलंय, हे लिहू का? लोक गाण्याऐवजी कानाचंच बोलतील अशी त्याला भीती होती. तिनं निवडलेला जवळा एका बाजूला सारला. मग म्हणाली, "लिवा. पन गानी चांगली हायत, हे आधी लिवा." गाणी चांगली आहेत. फार चांगली आहेत. हे आधी वाचावं.

निघायला उठले तेव्हा माझा कप खिडकीत राहिला होता, खुर्चीच्या उजव्या अंगाला. रंजना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिथून कप दोन पावलांवर. ती खुर्चीच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला गेली, किंचित वाकली, रिकाम्या खुर्चीला हलक्या आवाजात म्हणाली, "कप घेते हां," आणि मग खुर्चीवरून हात लांब करून तिनं तो उचलला.